विमलाबाईंनी पुसलेलं अर्धं टेबल

६ नोव्हेंबर, गुरुवार

आई आज पण अंधार पडल्यावर आली. सकाळी नऊला गेलेली! नोकरीचं नाव काय, तर अर्धवेळ स्त्री परिचर. म्हणजे रोजचे चार तास. बावीस वर्षं झाली, ते चार तास काय संपत नाहीत. आरोग्य उपकेंद्र झाडा, पाणी भरा, मोठ्या दवाखान्यातून लसीचा डबा आणा — रिक्षाचे पैसे आपलेच! कोणाची डिलिव्हरी अडली की रात्री पण पळा. हातात महिन्याला तीन हजार. वर सगळ्यांना सांगणार, "सरकारी आहे माझी. कधीतरी फुलटाइम होईलच."

जेवताना मी म्हटलं, "आई, सरकारला अर्धी बाई पायजे ना? मग अर्धीच दे."

"म्हणजे गं काय?"

"साहेबांची खोली अर्धीच झाडायची. पाणी अर्धा ग्लास. टेबल अर्धंच पुसायचं, मधोमध अशी रेघ दिसली पायजे. कोणी विचारलं की गोड हसायचं, साहेब, मी अर्धवेळ आहे ना!"

आई एवढी हसली की आमटी नाकात गेली. मग म्हणाली, "बारावीला दोनदा उडालीस ती उगाच नाही. डोकं सगळं इकडे!"

८ नोव्हेंबर, शनिवार

आज आईसकट पाचही अर्धवेळवाल्या मावश्या आमच्या गावी, मोहन्याला, आमच्या घरी. मी साहेब झाले — बाबांचा शर्ट, पोटाला उशी! रीतसर ट्रेनिंग दिलं सगळ्यांना.

विमलाबाई सगळ्यात भारी. मोठ्या दवाखान्यातली ती, पाचातली सगळ्यात जुनी. आईला या कामाला तिनेच लावलं. माझी पहिली आंघोळ पण तिच्याच हातची, हे ती अख्ख्या गावाला सांगते. अर्धा ग्लास तिने माझ्यापुढे असा ठेवला, चेहऱ्यावरची रेघ हलली नाही! मी साहेब असून फुटले.

जनाबाई खाडीकडची, तोंडाने लवंगी. म्हणते, "आन् डिलिवरीला काय कराचं गो? अर्धाच पोर बाहेर काराचा का?" सगळ्या लोळल्या.

मग विमलाबाईने नियम केला. पेशंटचं काम पूर्ण. अर्धं फक्त साहेब लोकांचं.

सोमवारी ठाण्याहून मोठे साहेब तपासणीला येणारेत, दवाखान्यात आणि उपकेंद्रांवर पण. त्याच दिवशी करायचं! आईनेच देवाजवळचा भंडारा आणला. पाचही जणींनी शपथ घेत उचलला. मी पण उचलणार होते, आई म्हणाली, "तू नको."

१० नोव्हेंबर, सोमवार

विमलाबाईने केलं!!

पोपटने सांगितलं — तो दवाखान्याची ॲम्ब्युलन्स चालवतो. साहेब बसले, फाईल ठेवली ती बरोब्बर धुळीच्या बाजूला. उचलली तर बाही पांढरी! "हे काय आहे?" तर विमलाबाई, "साहेब, माझं अर्धं झालं. उरलेलं अर्धं करायला अजून कोणी ठेवलंच नाही तुम्ही." पोपट हसून हसून बेजार.

पण बाकीच्या चौघींकडे सगळं चकाचक! आईकडे पण! म्हणे खिडकीच्या जाळ्यासुद्धा पुसल्या.

"आई, का गं?"

"काल संध्याकाळी मोठ्या दवाखान्यातल्या सिस्टरचा फोन आलेला सगळ्यांना. वर कळलंय म्हणे. जी अर्धं करेल ती घरी बसेल."

"मग विमलाबाई?"

"तिला नसेल आला."

"तू सांगायचंस ना!"

"मला वाटलं जनाबाई सांगेल."

११ नोव्हेंबर, मंगळवार

विमलाबाईला काढली. कागद नाही, काय नाही. नुसतं तोंडी — "उद्यापासून येऊ नका." अर्धवेळवालीला काढायला कागद पण लागत नाही वाटतं.

तिच्या घरी गेले. मेथी निवडत बसलेली. मला बघून म्हणाली, "टेबल बाकी मस्त दिसत होतं गं." मी हसले. ती नाही हसली. मग म्हणाली, "तुझ्या आईला सांग, येऊन जा म्हणावं एकदा."

१२ नोव्हेंबर, बुधवार

आई नाही गेली.

कोणी फोडलं? दिवसभर तेच डोक्यात. जनाबाईच असणार. मी तसं म्हटलं तर आई म्हणाली, "तिचं तोंड तुला माहितीच आहे." बास. थांब आता जनाबाई!

१३ नोव्हेंबर, गुरुवार

केला फोन. चुलतभावाच्या जुन्या सिमवरून, नाकातून आवाज काढून. "ठाण्याच्या ऑफिसमधून बोलतेय. तुमची नोकरी पूर्णवेळ झालीय. उद्या अकरा वाजता सहीला या."

पलीकडून हुंदका. "बाय माजे, देव तुजा भला करो."

मी फोन ठेवून हसत बसले. खोटं कशाला लिहू, लय हसले.

१५ नोव्हेंबर, शनिवार

जनाबाई काल ठाण्याला गेली. पेढ्यांचा पुडा घेऊन. सगळी टेबलं हिंडली. एक म्हणतो वरच्या मजल्यावर जा, दुसरा म्हणतो खाली विचारा. ऑफिस बंद व्हायला आलं तेव्हा एक शिपाई म्हणाला, "मावशी, कोणीतरी चेष्टा केलीय तुमची."

हे सगळं मला विमलाबाईने सांगितलं. जनाबाई जायच्या आधी तिच्याकडे पेढे देऊन गेलेली. म्हणाली, "साहेबाला सांगतंय, आधी विमलाबाईला परत घ्या. नाय तं माजी सही नको मना."

नाय तं माजी सही नको.

पुढचं मला काय ऐकूच आलं नाही. पेढा खाल्ला मी तिथला. विमलाबाईनेच दिला, मी नाही कसं म्हणणार?

१६ नोव्हेंबर, रविवार

"जनाबाई नव्हती," मी आईला म्हटलं. ती भांडी घासत होती.

"सोड आता."

"मग कोण?"

नळ चालूच. मग पाठमोरीच म्हणाली, "मी सांगितलं सिस्टरला."

भंडारा आणणारी ती! जनाबाईचं नाव माझ्या तोंडून ऐकलं तेव्हा "तिचं तोंड तुला माहितीच आहे" म्हणणारी ती!

"सगळ्या मिळून घरी बसल्या असत्या," आई म्हणाली. "तुला काय, तू गंमत करून मोकळी. बावीस वर्षं माझी गेलीत तिथे."

"आणि विमलाबाईला का नाही सांगितलंस? एक फोन! एकच!"

आईने तेच पातेलं परत घासायला घेतलं.

१७ नोव्हेंबर, सोमवार

जनाबाईच्या दारापर्यंत जाऊन आले. आत नाही गेले. आईशी बोलले नाही. तिने डबा भरला, गेली.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

सिस्टरचा फोन आलेला. मला! "सोमवारपासून ये गं, विमलाबाईंच्या जागेवर. अर्धवेळच आहे. तुझ्या आईने नाव दिलेलं ना."

मी विचारलं, कधी?

"अगं, तेव्हाच. ते अर्ध्याचं सांगायला आली होती ना, तपासणीआधीच्या शनिवारी."