परवामास्तरांची तोडी

श्री.

मी, केशव नरहरराव औंढेकर, वय वर्षे एकसष्ट, धंदा गाणे-बजावणे, राहणार नारायणगुडा, हैदराबाद दक्खन, लिहून ठेवतो की माझी अक्कल ठिकाणावर आहे, दमा सोडला तर बाकी शरीर कुरकुर करीत का होईना चालते आहे, आणि हे मृत्युपत्र मी कोणाच्या दडपणाखाली किंवा कोणाला हसवण्यासाठी लिहीत नाही. 'हसवण्यासाठी' हा शब्द कायद्यात बसत नाही असे आमचे भुजंगराव वकील म्हणतात. न बसो. माझ्या बाबतीत त्याची गरज आहे.

भुजंगरावांनी मसुद्यात माझ्या नावापुढे 'ऊर्फ परवामास्तर' असे घातले होते. सारे शहर त्याच नावाने ओळखते, उद्या कोर्टात ओळख पटवताना खोळंबा नको, हे त्यांचे म्हणणे. मी ते काढायला लावले. निदान मरताना तरी माणसाला आईबापांनी ठेवलेल्या नावाने मरू द्या की!

कलम १. नारायणगुड्यातले दोन खोल्यांचे कौलारू घर, मागच्या विहिरीच्या हक्कासह, माझी एकुलती एक मुलगी चि. मंदाकिनी हिचे. दुसरा वारस नाही. तिची आई अन्नपूर्णा मंदा लहान असतानाच गेली. पुढच्या खोलीचे एक कौल पावसाळ्यात सरकते, ते तेवढे बसवून घ्यावे. मी दरवर्षी म्हणत आलो, आणि ते राहूनच गेले.

कलम २. आमच्या वडिलांची दरबारात बांधायची पगडी, म्हणजे दस्तार, आणि कमरेचा पट्टा, म्हणजे बगलूस, माझे थोरले बंधू यादवराव, राहणार बरकतपुरा, यांना द्यावा. दादा, आपल्या घराण्याने तीन पिढ्या सरकारी दफ्तरात कलम चालवले आणि मी तोंड वेडेवाकडे करून पोट भरले, म्हणून तुम्ही माझ्या उंबऱ्याला पाय लावला नाहीत. तो तुमचा हक्क. पण वडिलांची दस्तार मी नकलेत घातली असे तुम्ही चार लोकांत सांगत फिरलात, ते खोटे आहे. स्टेजवरची दस्तार पुठ्ठ्याची होती. आमच्या तबलजी लाडले साहेबांनी खळ लावून केलेली, आणि पहिल्याच प्रयोगात घामाने तिचा लगदा झाला. खरी दस्तार ट्रंकेत मलमलीत गुंडाळून आहे. उघडून हुंगून पाहा, वडिलांच्या अत्तराचा वास अजून येतो. मला तुमचा राग होता. आता तो ओढायला छातीत दम नाही.

कलम ३. एका देवडीतल्या (इकडे नवाबांच्या वाड्याला देवडी म्हणतात) लग्नात नवाबसाहेबांनी खूश होऊन दिलेले चांदीचे पानदान माझे तबलजी शेख लाडले यांना द्यावे असे मी लिहिणार होतो. ज्याला काही मिळते त्याची साक्ष चालत नाही, असे भुजंगरावांनी सांगितले. त्यावर लाडले साहेब म्हणाले, "पानदान किसी को बी देव मास्टर, मेरेकू गवाह बनाव. जिंदगीभर तुम्हारे बाजू में बैठा मैं, आखरी कागज में दूर कायकू बैठूँ?" तेव्हा पानदान मंदाकडे राहील. त्यात लाडले साहेबांसाठी पान मात्र कायम लावलेले असावे.

कलम ४. माझ्या गाण्यांच्या ग्रामोफोन तबकड्यांविषयी. पण त्याआधी हे परवा प्रकरण लिहून ठेवले पाहिजे, नाहीतर पुढचे कलम कोणाला समजणार नाही.

मी हसवणारा व्हायला जन्मलो नव्हतो. आमचे गुरुजी नागेशबुवा यांनी मला लहानपणापासून समोर बसवून तोडी शिकवली. एक राग, एक चीज, आणि वर्षानुवर्षे तेच. "केशवा, ही नीट आली की बाकीचे राग आपोआप दार उघडतील," असे म्हणायचे. मग सुलतान बाजारात गणपती उत्सवात माझे पहिले गाणे ठरले, सकाळचे. पुण्याहून एक विद्वान अध्यक्ष आले होते. मी तंबोरा लावून बसलो तेव्हा त्यांनी मायेने विचारले, "तुमची तालीम केव्हापासून चालू आहे?"

मी म्हणालो, "परवापासून."

आमच्या हैदराबादेत परसों म्हणजे मागचा कुठलाही दिवस. बारा वर्षे उलटली तरी परसोंच. आमच्या मराठीतही तो अर्थ शिरलेला. अध्यक्षांना काय ठाऊक! त्यांनी चष्मा वर केला आणि विचारले, "परवापासून? म्हणजे मंगळवारपासून?"

मांडव फुटला. मी घाईघाईने म्हणालो, "नाही हो, परवा म्हणजे लहानपणी," तर हशा दुप्पट. मी षड्ज लावला. मागून कोणीतरी ओरडले, "वाहवा, मंगळवारचा सा!" मी थांबलो. हसणे संपेपर्यंत थांबावे, मग गावे, असे मनाशी ठरवले. ते काही संपले नाही. शेवटी रडू येऊ नये म्हणून मीच अध्यक्षांची नक्कल करून चष्मा वर केला आणि टाळ्या घेऊन उठलो. गुरुजी पहिल्या रांगेत होते. उपरणे सावरून निघून गेले, रागावलेही नाहीत. रागावले असते तर बरे झाले असते.

पुढच्या आठवड्यात लग्नाचे बोलावणे आले, "ते मंगळवारवाले पाठवा." पुण्याची सासू आणि हैदराबादची सून यांच्या भांडणाची गाणी मी बांधली. सासू विचारणार, "भाकरी टाकलीस का?" सून म्हणणार, "हौ, परवाच!" मराठी घरांत चालली, देवड्यांत चालली, तेलुगू मंडळींतही चालली. दर कार्यक्रमाच्या शेवटी मी हात जोडून म्हणायचो, "आता एक तोडी ऐका." लोक ओरडायचे, "कधी, मास्तर?" आणि मी नाक ओढून, एक भुवई चढवून म्हणायचो, "परवा!" छप्पर उडायचे. मला खरेच गायचे असायचे हो. दर वेळी. हे कोणाला खरे वाटले नाही, आणि माझे बिंग फुटू नये म्हणून मीही कधी सांगितले नाही.

मुंबईहून तबकड्या काढणारे आले तेव्हा सासू-सुनेची सगळी गाणी भरून घेतली. मी म्हटले, साहेब, उरल्या जागेत तोडी घ्या, त्याचे वेगळे काही मागत नाही. साहेब पेटी बंद करता करता म्हणाले, "परवा, मास्तर, परवा!" त्यांनाही तोपर्यंत शब्द पाठ झाला होता. तेव्हा माझा आवाज होता. आता दम्याने खाल्ला. परवा डॉक्टरांना विचारले, किती दिवस? ते म्हणाले, फार नाहीत. मी म्हणालो, "म्हणजे परवा?" ते हसले. मरणाची चौकशी केली तरी हशा मिळतो, काय कपाळ घेऊन आलो!

तर त्या तबकड्या ज्याला हव्या त्याने न्याव्यात. बाराव्या-तेराव्याला त्या लावू नयेत.

कलम ५. गुरुजींचा तंबोरा. गुरुजींनी तो मरताना मला पाठवला. सोबत निरोप नव्हता. त्यावर मी बंद दाराआड मंदाला तोडी शिकवली, जशी मला मिळाली तशी, एक चीज, वर्षानुवर्षे. तिचा गळा माझ्यापेक्षा उजवा आहे. बाप म्हणून नाही, गाणाऱ्याच्या कानाने सांगतो.

गेल्या संक्रांतीला एका हळदीकुंकवाला तिला गायला बसवले. तिने तंबोऱ्याला हात लावला आणि बायका खुसखुसायला लागल्या. "परवामास्तरांची ना ही? आता बघा गंमत!" पोर पदर सावरून उठून आली आणि तंबोऱ्यावर खोळ चढवली. अगदी गुरुजींसारखी. येत्या रामनवमीला देवळात सकाळी तिचे गाणे ठेवायचे घाटत आहे, आणि मला आतापासूनच तिथली खुसखुस ऐकू येते. माझे झाले ते झाले. तिची तोडी माझ्या थट्टेखाली चिरडली जाऊ नये, एवढी एकच गोष्ट आता मला हवी आहे.

म्हणून: सदर तंबोरा चि. मंदाकिनीस या अटीवर मिळेल की तिने गाताना माझे नाव वा आडनाव लावू नये. तिच्या आजोळचे परतूरकर हे आडनाव लावावे आणि माझी मुलगी असल्याचे कोणास सांगू नये.

(कलम ५ मधील शेवटचा परिच्छेद, म्हणजे अट, मी खोडला आहे. खोडणारा हात माझाच. कारण पुढीलप्रमाणे.)

कलम ६. आज सकाळी भुजंगराव हा कागद मोठ्याने वाचत होते. लाडले साहेब त्यांच्या शेजारी बसले होते. मंदा चहा घेऊन आली ती पाचव्या कलमाला. ट्रे हातात तसाच धरून तिने शेवटपर्यंत ऐकले. डोळे भरले होते तिचे. मी म्हटले, "मंदे, रडू नकोस. हे तुझ्याच भल्याचं आहे. रामनवमीच्या आत नाव बदल. सांग बघू, कधी बदलतेस?"

तिने ट्रे खाली ठेवला, लाडले साहेबांच्या हातात पेला दिला. नाक ओढले. एक भुवई चढवली.

"परवा!"

हुबेहूब! लाडले साहेबांच्या हातातला पेला कलंडला, हा जो मसुद्यावर डाग आहे तो त्याचाच. "तौबा, तौबा, मास्टर की मास्टर!" असे म्हणत ते गुडघ्यावर थापा मारू लागले. भुजंगरावांना मी जन्मात हसताना पाहिले नव्हते, त्यांनी धोतराचा सोगा तोंडाला लावला. मी हसलो, खोकलो, पुन्हा हसलो.

आणि त्या हशातच तिने खोळ काढली. आम्ही शांत होण्याची वाट पाहिली नाही. तंबोरा लावला आणि सरळ षड्ज धरला, गुरुजींचा. लाडले साहेब हसता हसताच डग्गा ओढून बसले. हसणे केव्हा थांबले ते आम्हा तिघांनाही सांगता येणार नाही. मी वाट पाहत बसलो, आणि जन्म गेला. ती थांबलीच नाही.

चीज संपल्यावर म्हणाली, "बाबा, रामनवमीला लोक हसतील. हसू देत. मी तोवर सुरू केलेलं असेल."

सबब तंबोरा चि. मंदाकिनीस बिनशर्त. रामनवमीच्या पत्रकावर तिचे नाव तिने सांगितले तसेच छापावे: मंदाकिनी केशव औंढेकर, परवामास्तरांची कन्या. मी तोवर असलो तर मागच्या रांगेत बसेन. नसलो तर मागच्या रांगेत एक जागा मोकळी ठेवावी.

भुजंगराव म्हणतात, कागदावर चहा सांडला, खाडाखोड झाली, नवा करू. मी म्हटले, नक्को.

साक्षीदार:
१. भुजंगराव अंबादासराव वकील, राहणार सुलतान बाजार
२. शेख लाडले, तबलजी (सही उर्दूत)

मुक्काम नारायणगुडा, हैदराबाद दक्खन. १२ बहमन १३५३ फसली, म्हणजे इंग्रजी डिसेंबर १९४३.

सही,
केशव नरहरराव औंढेकर
ऊर्फ परवामास्तर