आमच्या टाकीतला आण्णा

राजारामपुरी, कोल्हापूर

केरबा,

रामराम. पाकिटावरचं माझं अक्षर ओळखून तू हे चुलीत घातलं नसशील, असं धरून लिहितोय. तुझी तब्येत, वहिनींची कंबर, गोठ्यातली म्हसरं, सगळं बरं असावं. मलकापूरकडं यंदा पाऊस उघडला का? नऊ वर्षांत विचारायचं बरंच राहिलंय, पण आधी इकडची हकिकत ऐक.

गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी मला दीड महिना घरी बसवलं. (समोरच्या भिंतीवरच्या पालीचं येणंजाणं मला पाठ झालं.) तेव्हा करमणूक म्हणून कोपऱ्यावर शोभेचे मासे विकणाऱ्या यशराजच्या दुकानातनं खाऱ्या पाण्याची काचेची टाकी आणली. तळाला वाळू, दोन दगड, शेवाळ खायला आठ बारके जिवंत शंख आणि एक तारामासा. पाच हात, बदामी रंग, पाठीवर काळी बोंडं. यशराज म्हणाला, "काका, वाळूतला हाय. पुरून ऱ्हातोय, पडलं-झडलं खातोय. लई गरीब." आमच्या सरूनं त्याचं नाव आण्णा ठेवलं. (तिच्या थोरल्या भावाचं, म्हणजे माझ्या मेव्हण्याचं. तोही दिवसभर एका जागेवरनं हलत नाही.)

हा गरीब दुसऱ्याच दिवशी काच चढून वर जाऊन बसला, आणि तिथनं पुढं रोज एक शंख कमी व्हायला लागला. मी शेजारच्या मांजरावर आळ घेतला. टाकीवर पाट ठेवला, पाटावर वरवंटा. (मांजर पाण्यात हात घालून नेमका शंखच कसा उचलेल, हा विचार मी केला नाही.) तरी शंख कमीच. शेवटी मोबाईलवर दोन दिवस व्हिडिओ बघून सरूनं भिंग घेतलं आणि काचेला नाक लावलं. "अवो, वाळूतल्याचे पाय टोकदार असत्यात. ह्याच्या पायास्नी तर चिकटायच्या वाट्या हायत की! आन् हिकडं बघा, पोट भाईर काढून शंखावर बसलाय." खरंच, बिचाऱ्या शंखाला त्याच्याच दारात बसून आण्णा खात होता. मांजर समोर आलं की मी आजही मान खाली घालतो.

पाण्याचा खारेपणा मात्र मी कुणाच्या हाती दिला नाही. दूध संकलन केंद्रावर एकतीस वर्षं काढलेल्या माणसाला माप कोण शिकवणार? निवृत्तीच्या दिवशी शाल-नारळाबरोबर केंद्रातलं माझं जुनं लॅक्टोमीटर आठवण म्हणून मिळालं होतं, तेच टाकीत सोडलं. (दूध काय, खारं पाणी काय, मापायचा दाटपणाच.) समुद्राच्या पाण्याला आकडा पंचवीस पाहिजे. माझं मीटर बावीस दाखवायचं, मी मीठ घालायचो. पुन्हा मापायचो, पुन्हा घालायचो.

आठवड्यात आण्णा काचेवरनं सुटून पडला. हात ढिले, पाठीवर पांढरा डाग. सरूला जेवण जाईना. यशराज आपलं दुर्बिणीसारखं खारेपणाचं माप घेऊन आला, त्यावर थेंब टाकून उजेडाकडं बघितलं आणि म्हणाला, "काका, समुद्रापरास खारट करून ठेवलंय की." मी तावातावानं सांगितलं, हे मीटर एकतीस वर्षांत खोटं बोललेलं नाही. त्यानं मीटर खिडकीत धरलं. आतली आकड्यांची कागदी पट्टी खाली सरकली होती, प्रत्येक आकडा तीननं कमी. ती मूळ जिथं चिकटवलेली होती तिथला डिंकाचा डाग जुना, पिवळा पडलेला, म्हणजे पट्टी सरकूनही वर्षं झाली होती.

मग सलाईनची नळी लावून तीन दिवस थेंब थेंब गोडं पाणी सोडलं. (दारातनं नळी दिसली म्हणून वरच्या मजल्यावरच्या धोंडुबाई दोन शहाळी घेऊन आल्या, "कोण पडलंय?" म्हणत. शहाळी मी प्यालो.) चौथ्या दिवशी दुपारी उताणा पडलेल्या आण्णानं एक हात वाकवला, वाळू धरली आणि हळूहळू सुलटा झाला. सरूनं टाळ्या वाजवल्या. माझ्या डोळ्यांपुढं मात्र तुझी किटली होती.

केरबा, नऊ वर्षांपूर्वी त्याच मीटरनं तुझ्या दुधाचा आकडा कमी दाखवला होता. भरल्या रांगेत मी म्हणालो, "म्हशीनं पाणी जास्ती पिलं काय रं?" लोक हसले. त्या आठवड्यात आणखी तिघांच्या दुधाचा आकडा कमी आला, पण ते भांडले, म्हणून दुसऱ्या मीटरनं परत मापलं. आकडा चढला तेव्हा फेस बसला असेल असं म्हणून मी मोकळा झालो. तू भांडला नाहीस. गप्प राहिला म्हणजे चोर, असं मी धरलं. शाळेपासनं तुला ओळखत असून धरलं. तुझ्या दुधात पाणी नव्हतं. खोट माझ्या मापात होती.

तुझा (अजून म्हणू देत असशील तर),
कृष्णात

ता. क. : तारामाशाचं एवढं लांबण लावलं, कारण शेवटचं लिहायला हात धजत नव्हता. येत्या रविवारी सकाळच्या दुधाला मी केंद्रावर येतो. जे रांगेत बोललो ते रांगेतच फिरवायचं आहे. तू तेवढा ये.

ता. क. दुसरा : भावजी, मी सरू. हे पत्र लिहून यांनी तीन आठवडे गादीखाली दाबून ठेवलंय, आणि "केरबाचं उत्तर न्हाय आलं" म्हणून रोज उसासे टाकत्यात. मी आज गुपचूप पोस्टात टाकते. वरचा रविवार होऊन गेला, आता चौदा तारखेचा धरा. यांना कसं आणायचं ते मी बघते.