तुझी लाल गाडी मी घेतली

गंगापूर रोड, नाशिक
फेब्रुवारी २००७

प्रिय मयूर,

आधी नीट बसून घे. तुझी लाल गाडी मी विकत घेतली. हो, तीच, दोन माणसांची, छप्पर मागे सारता येणारी. तू तिच्यातून कॉलेजच्या आवारात शिरलास की आम्ही पोरी मुद्दाम दुसरीकडे बघायचो. आता तीच घेऊन मी रोज नाशिकहून विंचूरला नोकरीवर जाते आणि संध्याकाळी परत येते. राग आला असेल तर येऊ दे, पण पत्र शेवटपर्यंत वाच.

विंचूरच्या वाइन पार्कात एका कंपनीची प्रयोगशाळा मी सांभाळते. सासूबाई शेजारणींना सांगतात, सून सरबताच्या कंपनीत आहे. एसटीने ये-जा करून जीव मेटाकुटीला आला, तेव्हा किशोर म्हणाला, चार दारांची साधीसुधी गाडी घेऊ. माझा नवरा शहाणा माणूस आहे, त्याच्याशी भांडायला फार कष्ट पडतात. गाड्या बघणं चालू होतं, तेवढ्यात एकदा तुझ्या वडिलांकडे चहाला गेले. काकू गेल्यापासून आठवड्यातून एकदा मी कारभारीकाकांकडे डोकावतेच. चहा झाल्यावर काका मला मागच्या कांद्याच्या गोदामात घेऊन गेले आणि गाडीवरची ताडपत्री ओढून म्हणाले, ही घेऊन जा. मला वाटलं थट्टा करतायत.

अठ्ठ्याण्णव साली कांद्याने सगळ्यांना रडवलं आणि व्यापारी म्हणून काकांना तेवढं हसवलं, त्या वर्षी त्यांनी हौसेने तुझ्यासाठी घेतलेली ही गाडी. तू ऑस्ट्रेलियाला गेलास आणि ती जागच्या जागी राहिली. सीटवरचं प्लास्टिकसुद्धा त्यांनी काढलं नव्हतं. मी घेतली तेव्हा तिच्या काट्यावर आठ हजारही किलोमीटर नव्हते, आणि त्यातले शेवटचे तर निव्वळ दसऱ्याचे. दर दसऱ्याला काका तिला धुवायचे, झेंडूचा हार घालायचे, चाकांखाली लिंबं ठेवायचे आणि वेशीवरच्या मारुतीपर्यंत नेऊन परत आणायचे. मग पुन्हा ताडपत्री. बॉनेटवर दर वर्षी त्याच जागी तेलात कालवलेल्या कुंकवाचं स्वस्तिक काढल्यामुळे तिथे कुंकवाचा डाग कायमचा धरला आहे. पॉलिशवाला म्हणाला, ताई, घासून काढतो. मी नको म्हटलं.

मुंबईचे दोन-तीन शौकीन येऊन गेले होते म्हणे. काकांनी त्यांना चहा पाजून परत पाठवलं, कारण ते ती फक्त रविवारी बाहेर काढणार होते. माझ्यापुढे त्यांची एकच अट होती, रोज चालवायची. किशोरला हे सांगितलं तेव्हा त्याने कपाळाला हात लावला. म्हणाला, मोहिनी, भाजीची पिशवी कुठे ठेवशील? मी म्हटलं, तुझ्या मांडीवर.

पण खरं सांगते, सुरुवातीला पस्तावले. कमी चाललेली गाडी म्हणजे नवी गाडी, असं मीही समजत होते. टायरची नक्षी जशीच्या तशी, पण रबर लाकडासारखं कडक झालेलं. बॅटरी मेलेली, पाण्याचे पाइप तडकलेले, टाकीतल्या पेट्रोलला कसला तरी उग्र वास. महिनाभर ती गॅरेजमध्ये आणि मी पुन्हा एसटीत. किशोर नुसता गालातल्या गालात हसायचा. त्याचा मला जास्त संताप यायचा.

आता मात्र आमचं जमलंय. निफाडच्या पुढे उसाच्या ट्रॉलीमागे अडकले की ट्रॅक्टरवाले वरून आत डोकावतात आणि मला चालवताना बघून गालातल्या गालात हसतात. स्पीडब्रेकर आला की तिरपी घ्यावी लागते, नाहीतर पोट घासतं. शेजारच्या सीटवर द्राक्षांच्या नमुन्यांचा क्रेट असतो, त्याला मी पट्टा बांधते. अजूनही पंखा जोरात लावला की जाळीतून कांद्याची सालपटं उडून केसांत बसतात. किती साफ केली तरी कुठून येतात देव जाणे. पण सकाळी छप्पर मागे टाकून ओढा गावाच्या पुढे निघाले की मी मोठ्याने गाते. तुझं आणि माझं जुळलं नाही ते बरंच झालं, मयूर. तेव्हा वाईट वाटलं होतं, पुष्कळ वाटलं होतं, तू विचारलं नाहीस म्हणून. आज मी सुखात आहे, आणि हे तुला बिनधास्त लिहू शकते, इतकी सुखात आहे.

तू शेवटचा आलास तेव्हाचं आठवतं का? घरात पाऊल टाकल्या टाकल्या, चहाच्याही आधी, काकांनी तुला गोदामात नेऊन गाडी दाखवली. तुझी वाट बघतीय म्हणाले. चार दिवस राहणार होतास, मुंबईत काम निघालं सांगून दोन दिवसांत निघालास. नाशिक रोड स्टेशनवर मला म्हणालास, त्या गाडीकडे बघवत नाही गं, मी परत येणार नाही हे यांना सांगू कसं? तेव्हापासून दर फोनवर पुढच्या वर्षी, पुढच्या वर्षी. तुझी मुलगी शाळेत जायला लागली, पण तिने आजोबा पाहिले नाहीत.

दर शनिवारी कामावरून परतताना मी काकांना चौफुलीपर्यंत फिरवून आणते. पहिल्यांदा बसले तेव्हा दाराला हात लावून नमस्कार केला. परवा मात्र परत दारात आल्यावरही उतरेनात. मग त्यांनी मला हे पत्र लिहायला सांगितलं. फोनवर मनातलं त्यांच्या तोंडून निघत नाही आणि मग ते पावसापाण्याचंच बोलतात, हे तुलाही ठाऊक आहे. त्यांचे शब्द जसेच्या तसे लिहिते: "त्याला लिही पोरी, गाडी इकली म्हणून. आता परत कधी येतो, असं कुणी इचारणार नाय. तिकडं सुखात ऱ्हाय म्हणावं. पोरीला घेऊन नुसता भेटायला ये, दोन दिस जेव, अन् जा." त्यांना एवढंच कळवायचं होतं. बाकीचं सगळं माझ्या पदरचं.

तुझीच जुनी मैत्रीण,
मोहिनी