गुलाबदाणीच्या तळाचा शेंदरी ठिपका

॥ श्री गुरुदेव दत्त ॥

मी, नवनीत सुकलाल पाटील, वय ४९, धंदा शेती, शिक्षण गावच्या शाळेत दहावीपर्यंत, राहणार सारंगखेडा, तालुका शहादा, जिल्हा नंदुरबार, आज सोमवार दि. १७ नोव्हेंबर २०२५ रोजी हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझे मन ठिकाणावर आहे. मला कोणी धाक घातलेला नाही, कोणी काही पाजलेले नाही. दुपारचा चहासुद्धा मी स्वतः करून घेतला. पुढच्या बुधवारी, २६ तारखेला, सुरतेस माझ्या हृदयाची शस्त्रक्रिया आहे. डॉक्टर म्हणतात, शंभरातले अठ्ठ्याण्णव जण चालत घरी जातात. उरलेल्या दोघांची नावे त्यांनी सांगितली नाहीत, म्हणून हा कागद.

कायद्याला दोन साक्षीदार लागतात. भरवशाचा माणूस मला गावात एकच सापडला: निवृत्त पोस्टमन हिलाल कोळी. तीस वर्षांत त्यांच्या हातून माझे एकही पाकीट उघडलेले आले नाही. मी प्रत्येक पाकिटाचा डिंक पाहून घेत असे. दुसऱ्या साक्षीदाराची जागा तूर्त कोरी ठेवली आहे.

कलम १. घर व तापीकाठची चार एकर पपईची जमीन पत्नी चारुलता हिच्याकडे तिच्या हयातीत राहील. तिच्यानंतर ती माझी मुलगी मोहिनी हिची. मोहिनी नवापूरला शाळेत विज्ञान शिकवते. बांधावरच्या दत्ताच्या पादुकांपुढे रोज दिवा लागावा. दिवा लावणाऱ्याने तेलाचा डबा घरी नेऊ नये.

कलम २. पोस्टातील ठेवीवर चारुलताचे नाव आधीपासून आहे. त्याबद्दल अधिक लिहिण्यासारखे नाही.

कलम ३. मधल्या खोलीतील कपाटात जुन्या काचेच्या एकशे बारा वस्तू आहेत: हंड्या, दिव्यांच्या चिमण्या, अत्तराच्या कुप्या, औषधांच्या बाटल्या, गोटी सोड्याच्या बाटल्या, पेले. या सर्व मोहिनीच्या. यादी सोबत जोडली आहे. तेवीस वर्षे मी यात्रेत, भंगारात आणि लोकांच्या माळ्यांवर फिरून या गोळा केल्या. माझ्यामागे दहा दिवसांच्या आत जो माणूस दुःख विचारायला येईल आणि विचारता विचारता कपाटाकडे पाहील, त्याला पाणी द्यावे, चहा देऊ नये.

वस्तू ओळखण्याची रीत मोहिनीसाठी लिहून ठेवतो. बाटलीच्या अंगावर साच्याची उभी रेघ असते. ती थेट ओठापर्यंत गेली असेल तर बाटली यंत्राची, म्हणजे त्या मानाने अलीकडची. फुंकून केलेल्या वस्तूच्या तळाशी नळी तोडल्याचा खडबडीत व्रण असतो. तळाची झीज पाहावी. खरी झीज वर्षानुवर्षे ठेवता-उचलताना पडते, म्हणून ती आडवीतिडवी असते. सगळे ओरखडे एकाच दिशेने गोल दिसले तर कोणीतरी वाळूच्या कागदावर वस्तू फिरवली आहे. विकणारा 'आजोबांची आहे' असे म्हणाला तर आजोबांचे नाव विचारावे आणि तेच नाव अर्ध्या तासाने पुन्हा विचारावे. दुकानात नोटा तपासायला जांभळा दिवा असतो, तो माझ्याकडे आहे. त्याच्याखाली काही जुनी पिवळट-हिरवी काच पोपटासारखी उजळते. तो चमत्कार नव्हे, काचेत घातलेल्या युरेनियमचा गुण आहे. पण तशी काच आजही करतात, म्हणून एकट्या उजेडावरही विसंबू नये.

आजवर कोणालाही न सांगितलेली गोष्ट आता लिहितो. प्रत्येक वस्तूच्या तळाच्या खोलगट भागात मी शेंदराचा बारीक ठिपका लावला आहे. मारुतीच्या अंगावरचा शेंदूर, तेलात कालवून, काडीने. देवाचाच पहारा बसवला म्हणा. ही खूण चारुलतालाही ठाऊक नाही. माझ्यामागे ठिपका नसलेली वस्तू कपाटात सापडली तर ती बदललेली समजावी.

कलम ४. शेजारी नवलसिंग गिरासे यांनी त्यांच्या गोठ्यात पडलेल्या गोटी सोड्याच्या तीन बाटल्या मला स्वतःच्या हाताने आणून दिल्या. जुन्या बाटल्यांना मोल असते हे कळल्यापासून ते त्या 'उसन्या दिल्या होत्या' असे म्हणतात. तंटा नको म्हणून त्यातील मान फुटलेली एक बाटली त्यांना द्यावी.

कलम ५. भिंग, जांभळा दिवा आणि नोंदवह्या मोहिनीकडे जाव्यात. वहीत प्रत्येक वस्तूचे चित्र आहे. वह्या कोणालाही घरी नेऊ देऊ नयेत.

कलम ६. शहाद्याचे भांड्यांचे व्यापारी धर्मचंद बाफना यांनी मला काच ओळखायला शिकवले, हे नाकारत नाही. मी सव्वीस वर्षांचा होतो. आमच्या दत्तजयंतीच्या यात्रेत घोड्यांच्या बाजारामागे एका भंगारवाल्याच्या पोत्यावर मला हिरव्या काचेची गुलाबदाणी दिसली, काठाला सोनेरी रेघ असलेली. शेजारी उभे असलेले धरमचंदशेठ हळूच म्हणाले, "भाऊ, विकनाराना तोंडकडे नको देखू, वस्तूनं बूड देख." मी उलटी करून पाहिली. व्रण होता. यादीत ती वस्तू क्रमांक एक. त्यानंतर अकरा वर्षे मी दर शनिवारी त्यांच्या दुकानात बसत असे.

२०१४ साली त्यांची मुलगी फाल्गुनी हिच्या लग्नात पाहुण्यांवर गुलाबपाणी शिंपडण्यासाठी त्यांचा मुलगा पारस ती गुलाबदाणी मागून घेऊन गेला. ~~चौथ्या दिवशी मी शेतात असताना तो चोर दुसरीच गुलाबदाणी घरी देऊन गेला.~~ तिचा सोनेरी काठ अर्धा नाहीसा झाला होता आणि तळाचा ठिपका नव्हता. त्याच संध्याकाळी मी ती पत्र्याच्या डब्यात बंद केली, डब्याला लाखेच्या तीन मोहोरा लावल्या, प्रत्येकीवर माझा अंगठा उमटवला. पुरावा म्हणून. पुन्हा कोणी बदलू नये म्हणून. त्या दुकानाची पायरी मी परत चढलो नाही. २०२१ साली धरमचंदशेठ वारल्याचे समजले तेव्हा मी पपईला पाणी देत होतो, देत राहिलो. ~~माझ्या इस्टेटीतील कोणतीही वस्तू बाफना घराण्यास विकू अथवा दाखवू नये, आणि हे कलम चारचौघांत मोठ्याने वाचावे.~~

बुधवार, दि. १९ नोव्हेंबर.

इथून पुढचा मजकूर वरच्याला जोडून लिहीत आहे. कारण सांगतो.

आज दुपारी हिलालभाऊ सही करायला आले. न वाचता ते मनीऑर्डरवरही कोणाचा अंगठा घेत नसत. ओट्यावर बसून त्यांनी कागद मोठ्याने वाचला. चारुलता दारात तूर निवडत होती. कलम ६ संपल्यावर हिलालभाऊंनी चष्मा कपाळावर चढवला.

"नवनीतभाऊ, 'दुसरी' हाई कसावरतीन लिखं?"

मी म्हणालो, "ठिपका नव्हता, असे लिहिले आहे ना."

चारुलताचा हात सुपात थांबला. "लाल ठिपका? बुडले? तो तं मी काढा! माले वाटनं गंज शे."

"कव्हय?" हिलालभाऊंनी विचारले.

"फाल्गुनीनं लगीन व्हयनं तव्हय. पारस दी गया. मझार खडीसाखर व्हती, लाडकंवरभाभीनी भरेल. दुसरानं भांडं रिकामं कोन धाडस? गुलाबपानीमा ती साखर चिकटी गयी व्हती, निंघेच ना. मंग गरम पानीमा बुडाई, राख नि चिच लाईसन घसी."

"आणि सोनेरी काठ?"

"तो बी गया थोडा. तुमी बुडले शेंदूर लावतंस, माले काय सपन पडनं?"

हिलालभाऊ हसू लागले. "वहिनी, तुमी तं सरकारी सिक्काच धोई टाका!"

मी विचारले, मग मला त्याच दिवशी का नाही सांगितले? ती म्हणाली, "तुमी इचारं का? डबाले लाख लाई नि आठ दिन बोलनात नहीत. त्या साखरना मी शिरा करा व्हता, दोनदाव मांगीसन खादा तुमी. माले वाटनं, तूप कमी पडनं म्हनीसन रुसनात."

खरे लिहायचे तर माझा पहिला संशय चारुलतावर गेला. लाडकंवरभाभी, म्हणजे पारसची आई, आणि ती एकाच सत्संगातल्या. मैत्रिणीच्या मुलाला वाचवत असेल, असे मनात आले. सव्वीस वर्षांच्या संसारानंतर माझ्या मनात जे पहिले आले ते हे होते. ते कागदावर राहू द्यावे.

मी डबा खाली काढला. तिन्ही मोहोरा शाबूत होत्या, अंगठे माझेच होते. हिलालभाऊंच्या देखत त्या फोडल्या. अकरा वर्षांत मी त्या गुलाबदाणीकडे एकदाही पाहिले नव्हते. बदललेली आहे हे ठाऊक असताना काय पाहायचे, असे वाटत असे. २००३ सालची वही काढली. पहिल्याच पानावर माझ्या हातचे चित्र होते: मानेत तांदळाच्या दाण्याएवढा एक बुडबुडा, त्याखाली मोहरीसारखे दोन. गुलाबदाणी उन्हात धरली. मानेत तांदूळ होता. खाली दोन मोहऱ्या होत्या.

नक्कल करणारा रंग उतरवील, वजन उतरवील, काठही रंगवील. फुंकणाऱ्याचा जो श्वास काचेत अडकून राहिला, तो दुसऱ्याला तिथेच अडकवता येत नाही. हे मला धरमचंदशेठनीच शिकवले होते.

मी गुलाबदाणी चारुलताच्या हातात दिली आणि बराच वेळ पादुकांपाशी जाऊन बसलो. तिथे काही मागितले नाही.

शुक्रवार, दि. २१ नोव्हेंबर.

काल हिलालभाऊंना सोबत घेऊन एसटीने शहाद्यास गेलो. पारस गल्ल्यावर होता. केस पांढरे होऊ लागले आहेत. मला पाहून उठला, पाया पडला. मी कलम ६ काढले आणि त्याच्यासमोर वाचले, खोडण्याआधी, जसे होते तसे. तो शब्दही आला. पारस स्टीलच्या ताटल्या एकावर एक रचत होता, तो रचतच राहिला. मग म्हणाला,

"काका, माले चोर लिखं, ते जाऊ द्या. पन बाबाले एक शब्द सांगता तं त्या तुमना घर येतात, बूड देखतात, नि दोन मिनिटमा निकाल लायतात."

मी म्हणालो, "तुम्हीही कधी विचारले नाही."

"आमले वाटनं, लगीनमा तुमना मान राही गया. बाबानी तुमनासाठे शाल लेयेल व्हती, गर्दीमा देवानी राही गयी. अकरा वरीस आमना घरमा तेच चालनं, नवनीतभाऊनी शाल राही गयी."

तो आत जाऊन शाल घेऊन आला. तिच्यावर घडीच्या रेघा पडल्या होत्या. मी त्याच्या तोंडाकडे पाहिले.

आता उरलेली कलमे.

कलम ७. कलम ६ मधील दोन वाक्ये मी एकेका रेघेने खोडली आहेत, खालचे वाचता येईल अशी, आणि रेघेच्या दोन्ही टोकांना सही केली आहे. वकील म्हणतात, स्वच्छ प्रत करा. ती मी करणार नाही. स्वच्छ प्रत केली तर मी असे कधी लिहिलेच नव्हते असे होईल, आणि ते खोटे ठरेल. कलम वाचायचे असेल तर याच्यासकट वाचावे.

कलम ८. यादीतील क्रमांक एक काढून टाकला आहे. ती वस्तू आता माझी नाही. काल मी ती पारसच्या हातात दिली. चारुलताने ती रिकामी जाऊ दिली नाही. आत खडीसाखर होती, पण या वेळी कोरडी. पारस पावती लिहायला वही काढत होता. मी वही मिटली. तळाला ठिपका लावलेला नाही.

कलम ९. कलम ३ मधील ठिपक्याचा नियम रद्द. ठिपका नसलेली वस्तू सापडली तर मोहिनीने आधी घरात विचारावे, भांडी कोणी घासली. नंतर मानेतले बुडबुडे वहीशी ताडून पाहावेत. नंतर, गरज पडलीच तर, संशय घ्यावा.

कलम १०. कलम ४ मध्ये नवलसिंग गिरासे यांना मान फुटलेली बाटली लिहिली आहे. त्याऐवजी चांगली द्यावी. दोन नव्हे, एकच. बाटल्या त्यांनी स्वतः आणून दिल्या होत्या, हे माझे म्हणणे कायम आहे.

कलम ११. सुरतेहून मी चालत घरी आलो तर हा कागद कपाटात परत ठेवावा आणि शनिवारी मला शहाद्याच्या गाडीत बसवून द्यावे. न आलो तर माझ्यावर ती शाल घालावी. नवी आणू नये.

वकिलांनी सांगितले की ज्याला मृत्युपत्रातून काही मिळते त्याची साक्ष घेऊ नये, मागे शंका निघतात. पारसला या कागदातून काहीही मिळत नाही. म्हणून सोमवारपासून कोरी ठेवलेली जागा आज भरली आहे.

वरील मजकूर मी लिहिला, वाचला, आणि त्यातील चुकांसह तो माझा आहे.

सही: नवनीत सुकलाल पाटील

आम्ही दोघे एकाच वेळी हजर होतो. नवनीत पाटील यांनी आमच्या डोळ्यांदेखत सही केली.

साक्षीदार १: हिलाल कोळी, निवृत्त पोस्टमन, सारंगखेडा. सही.

साक्षीदार २: पारस धर्मचंद बाफना, व्यापारी, शहादा. सही. (सही करण्याआधी यांनी सर्व पाने वाचली. कलम ६ दोनदा.)

स्थळ: सारंगखेडा, घरचा ओटा
दिनांक: २१ नोव्हेंबर २०२५