हा नंबर माझा नाही

३ नोव्हेंबर, सोमवार

सकाळपासून फोन वाजतोय आणि एकही माणसाचा नाही! एकाला मला कर्ज द्यायचंय, एकाला नागपुरात प्लॉट. दुपारी डोळा लागला तोच एक बाई गोड आवाजात — 'अभिनंदन, आपल्या क्रमांकाची निवड झाली आहे.' म्हटलं, कशासाठी ते तरी सांग. ती आपली बोलतच राहिली. रेकॉर्ड! मीही चिखलीच्या स्टँडवर जन्मभर माइकवर बोललो — खामगावकडे जाणारी गाडी फलाट क्रमांक दोनवर लागत आहे — पण खिडकीशी येऊन कुणी काही विचारलं तर माइक बाजूला करून उत्तर द्यायचो. शिव्याही द्यायचो, पण समोर माणूस असायचा.

दिवेलागणीला बेबीताईचा फोन. नाव बेबी, वय पंचाहत्तरच्या पुढे. माझी थोरली बहीण, तिकडे पिंपळगाव राजाला एकटी असते. रोजचंच — "जेवला का बे सहदेव? काय केलं होतं?" म्हटलं, इतक्या लवकर कोन जेवते. "मंग काय करून राह्यला?" म्हटलं, फोन पाहून राह्यलो. "त्यात काय हाय एवढं पाह्यासारखं?"

खरं तर काही नाही.

५ नोव्हेंबर, बुधवार

समोरचे नारायणराव मुलाकडे नाशिकला गेले, हिवाळा काढून येणार. पेपर आता माझा मलाच घ्यावा लागेल, आणि वाचून भांडायला अमडापुरात दुसरं कुणी नाही.

आजची बातमी — म्हाताऱ्यांशी गप्पा मारणारं मशीन परदेशात निघालंय. दुसरी — फोन करणाऱ्याचं नाव आपोआप पडद्यावर दिसणार म्हणे. माझं मत असं की आधी चोर पकडा, मग त्यांची नावं दाखवा. नारायणराव असते तर म्हणाले असते, "सरकारले दोन्ही जमत नाही, सहदेवराव." त्यांच्या वाट्याचं मीच बोलून घेतलं. चहा एकच केला.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

व्हिडिओ पाहताना मध्येच गुडघेदुखीच्या तेलाची जाहिरात. माझे गुडघे दुखतात हे यांना कुणी सांगितलं? पोराला अजून माहीत नाही.

९ नोव्हेंबर, रविवार

अश्वजितचा पुण्याहून व्हिडिओ कॉल. अर्धा वेळ त्याचं तोंड उघडंच अडकलेलं. शेजारी सून होती, तिचा फक्त खांदा दिसला. सांगत होता, त्याच्या ऑफिसातल्या कुणाच्या तरी वडिलांना फोनवर पोलीस असल्याचं सांगून दिवसभर खोलीत बसवून ठेवलं, सगळं खातं रिकामं केलं. "बाबा, अनोळखी नंबर उचलायचाच नाही. कुणाचाच नाही. कट करायचा, ब्लॉक करायचा." मी म्हटलं, बरं. "आणि सरकारी साइटवर पाहा, तुमच्या नावावर किती सिम आहेत ते. लोक दुसऱ्यांच्या आधारवर सिम काढतात." मग त्याला दुसरा फोन आला.

लगेच बसलो. साइट उघडेना, मग उघडली तर ओटीपी येईना, आला तोवर त्याची वेळ संपलेली. हे धोरण ज्याने केलं त्याला माझ्या खाटेवर बसवून करायला लावलं पाहिजे. शेवटी जमलं. माझ्या नावावर तीन नंबर! पहिला माझा. दुसरा बायकोचा, कोकिळाचा — तिला जाऊन चार वर्षं झाली, पण रिचार्ज मी मारतो. तिथे 'आवश्यक आहे'वर बोट ठेवलं. तिसरा कुणाचा? अजिबात ओळखीचा नाही. माझ्या आधारवर कोण, कुठे, काय धंदे करून राह्यला असेल? खाली चौकट होती — 'हा नंबर माझा नाही'. दाबली. खात्री आहे का, विचारलं. आहे म्हटलं.

तेवढ्यात ताईचा फोन. मी तिला सांगायला गेलो की असा असा चोर पकडला. ती म्हणते, "बरं केलं. जेवला का?" डोकंच फिरलं. म्हटलं, ताई, रोज रोज तेच काय इचारतं? दुसरं काहीच नाही का तुयाजवळ? मग म्हणाली, "बरं. ठेवते."

१२ नोव्हेंबर, बुधवार

मेसेज आला — आपल्या विनंतीनुसार तो क्रमांक बंद करण्यात आला आहे. वा! सरकार कधी कधी काम करतं, हेही लिहून ठेवलं पाहिजे. सेवानिवृत्तांच्या ग्रुपवर टाकलं — सर्वांनी आपापले नंबर तपासावेत. दोघांनी अंगठे दाखवले. तिसऱ्याने त्यावर वाढदिवसाचा केक टाकला, कुणाचा ते कळलं नाही.

ताईचा फोन आला नाही. झोपली असेल लवकर.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

आजही नाही. रुसली वाटतं. या वयात!

१५ नोव्हेंबर, शनिवार

दिवेलागणीला फोन वाजला, धावत गेलो, तर अनोळखी नंबर. कट. ब्लॉक.

मी काही चुकीचं बोललो नव्हतो. रोज 'जेवला का' याला काय उत्तर असतं? कधी कधी तर मी जेवलेलोच नसायचो आणि जेवलो म्हणायचो. मग ठेवल्यावर उठून भाकरी टाकायचो, म्हणजे खोटं ठरू नये. आता ते कारणही राहिलं नाही. काल बिस्किटं खाऊन झोपलो.

१७ नोव्हेंबर, सोमवार

शेवटी मीच फोन लावला तिला. लहान आहे, मी वाकतो. तर आतून बाई म्हणते — 'आपण डायल केलेला क्रमांक सेवेत नाही.' पुन्हा लावला. तेच. नेटवर शोधलं, तर लिहिलंय की समोरच्याने आपल्याला ब्लॉक केलं तर असा संदेश येऊ शकतो.

ब्लॉक! तिच्या त्या बटनांच्या डबड्यात ब्लॉक करायला कुणी शिकवलं तिला? तिच्या शेजारची पायल शिकवत असेल, बारावीला आहे ती. आईच्या माघारी हिने मला कडेवर वाढवलं, आणि एका वाक्यावर ब्लॉक. राहू दे. मीही नाही लावणार.

१९ नोव्हेंबर, बुधवार

ही टोळीच आहे. रोज संध्याकाळी वेगळा नंबर. कट केला की लगेच पुन्हा, मग गप्प, मग दुसऱ्या दिवशी दुसराच नंबर. आज तर नाव पण दिसलं — 'गजानन किराणा'. म्हणजे चोरांनी आता महाराजांनाही सोडलं नाही! सरकारी साइटवर तक्रार टाकली. 'आपला अनुभव कसा होता, पाचपैकी तारे द्या' असं आलं. एक दिला.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

ते गप्पा मारणारं मशीन आपल्याही फोनात आहे म्हणे, फक्त बटन दाबून धरायचं. धरलं. म्हटलं, बोल. 'मी आपली काय मदत करू शकते?' म्हटलं, मदत नको, बोल काहीतरी. तिने मला चिखलीचं तापमान सांगितलं. मग मी म्हटलं, माझी बहीण बोलत नाही माझ्याशी. तर तिने बहिणीला पाठवण्यासाठी भेटवस्तू दाखवल्या.

फोन उलटा करून ठेवला. घर फार मोठं वाटलं आज. दोनच खोल्या आहेत.

२३ नोव्हेंबर, रविवार

अश्वजितला सांगितलं, आत्यानं मला ब्लॉक केलं. हसला. "बाबा, आत्याच्या फोनमध्ये? काहीतरीच. नेटवर्क असेल. मी बघतो." तो बघणार नाही, त्याला सुटी नसते. मग मी किती अनोळखी नंबर ब्लॉक केले ते ऐकून खूश झाला. "एकदम बरोबर करताय." शाबासकी मिळाली तर बरं वाटलं पाहिजे, वाटलं नाही.

२५ नोव्हेंबर, मंगळवार

आज सकाळीच अनोळखी नंबर. वाजू दिला. पूर्ण वाजेपर्यंत पाहत बसलो. चोर असला तरी कुणीतरी माझंच नाव घेऊन बोलला असता, असंही मनात आलं. उचलला नाही. मूर्ख नाही मी.

२६ नोव्हेंबर, बुधवार

संविधान दिन. विहारात उद्देशिका वाचायची होती, माइक मला दिला. आवाज अजून आहे! शेवटच्या ओळीपर्यंत कुठे अडकलो नाही. पोरांनी टाळ्या वाजवल्या. घरी येऊन कुणाला सांगावं म्हणून फोन हातात घेतला आणि ठेवून दिला.

२७ नोव्हेंबर, गुरुवार

नीट लिहितो.

दुपारी कडी वाजली. उघडलं तर ताई. एकटी. हातात पिशवी. माझ्याकडे पाहिलं, माझा दंड धरून पाहिला, आणि उंबऱ्यावरच बसली. पाणी दिलं तर पिईना. तोंड पदरात घालून बसून राहिली. मला वाटलं आता शिव्या देईल. मग पदर बाजूला करून म्हणाली, "फोन काऊन उचलत नव्हता बे?"

म्हटलं, तुयाच फोन येत नाही, मीच लावला तर तू ब्लॉक केलेलं.

"काय केलेलं?"

तिला तो शब्दच माहीत नाही.

मग तिने सांगितलं. तिचा फोन एके दिवशी मुका झाला. मेसेज येत होते, पण ते रोजच येतात, आणि तिला वाचता कुठे येतात. पायल परीक्षेच्या गडबडीत होती. मग ताईने तिच्याकडून माझा नंबर कागदावर लिहून घेतला आणि रोज संध्याकाळी कुणाच्या तरी दारात जाऊन उभी राहिली — पायलच्या फोनवरून, किराणावाल्याच्या, आशाताईच्या, एकदा तर रस्त्यावरच्या पोराच्या. "दोनदा वाजे, मंग कट होये. तू कापतं का दुसरंच कोनी कापते, मले काय मालूम? त्या दिवशी तुयं जेवाचं इचारलं तं तू चिडला होता. मले वाटे, तब्येत बरी नसन म्हून चिडला."

मी तिचा फोन मागितला. मागे पायलने पट्टी लावून नंबर लिहून दिलेला. माझ्या फोनातला सरकारचा मेसेज काढला. शेवटचे आकडे तेच.

तिचा नंबर माझ्याकडे 'बेबीताई' म्हणून आहे. आकडे मी कधी पाहिलेच नव्हते, नाव दिसलं की उचलायचो. आणि आता आठवलं सगळं. शेगावला, स्टेशनबाहेर छत्री लावून सिम देत होते. ताईचा अंगठा मशीन घेईना. पोराने पुसून घेतला, तेल लावलं, दुसरं बोट, तिसरं बोट. निंदण, कापूस वेचणं, जन्म तिथे गेलेला, बोटावर रेषाच राहिल्या नव्हत्या. शेवटी मी म्हटलं, हटा, माझा घ्या. आणि अंगठा ठेवला.

म्हटलं, ताई, मीच बंद केला तुया फोन.

"काऊन?"

सरकारनं इचारलं हा नंबर तुमचा हाय का. मी म्हटलं माझा नाही.

तिने थोडा विचार केला. रागावली नाही, तेच वाईट. "बरं," म्हणाली, "मंग चालू कर."

चिखलीला जावं लागेल. तिलाही नेतो, यावेळी अंगठ्याऐवजी डोळ्यांवरून ओळख घेतात का पाहतो. नाहीतर माझा अंगठा आहेच. संध्याकाळी तिने वांग्याची भाजी केली, मी भाकरी टाकल्या. जेवताना फोन वाजला, अनोळखी नंबर. उचलला. पायल होती — "आजोबा, आजी पोचली का? तुम्ही... तुम्ही बरे आहात ना?" तिच्या आवाजात काय होतं ते कळलं नाही.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

ताई अंघोळीला गेली, आतून ओरडली, पिशवीतून कंगवा दे. पिशवीत हात घातला. कंगवा, गोळ्या, आणि खाली कागदात गुंडाळलेलं कोरं पांढरं पातळ. घडीही मोडलेली नाही. सोबत मेणबत्त्यांचा पुडा. आपल्यात मयतीला नेसतात तसलं पातळ. ताईकडे असलं नव्हतं. ते तिने माझ्यासाठी विकत घेतलं होतं, आणि घेऊन दोन गाड्या बदलून आली.

होतं तसं ठेवलं. कंगवा दिला. मागच्या अंगणात जाऊन रडलो.