आबा सेन्सर घरी नेतात त्याबद्दल

पाचोरा

प्रिय ज्योतीताई,

तुझ्या बिनकामाच्या भावाचा, म्हणजे किरणचा, वाकून नमस्कार. पाठदुखी कशी आहे? प्रशीलदाजी बरे ना? आईचे गुडघे सोडले तर इकडे ठीक. फोनवरच बोललो असतो, पण तुझा आवाज आला की आबा येऊन शेजारी उभे राहतात आणि नंतर ‘कोणाचा होता?’ म्हणून मलाच विचारतात. तुम्ही नोंदणी लग्न केलंत त्याला तीन वर्षं झाली. गावभरच्या लेकी आखाजीच्या सणाला माहेरी येतात, आमची मात्र तीन आखाज्या आली नाही, आणि आबांच्या तोंडी दाजींचं नाव नाही. तुम्हा बापलेकींच्या मध्ये उभं राहून मी थकलोय बाई. असो, मशीनचं सांगतो.

तू शिकवलंस तसा मोटारीच्या खोलीत छोटा संगणक बसवला, त्याला मातीची ओल मोजणारा सेन्सर जोडला, म्हणजे माती सुकली की मोटार आपोआप चालू. तू बजावलं होतंस की पेनड्राइव्ह लावला की तो स्वतःहून ‘आलो’ म्हणून सांगतो, पण हा सेन्सर मुखदुर्बळ. त्याच्याबद्दल कर्नेलला (मशीनच्या आतल्या कारभाऱ्याला) आपणच लिहून द्यायचं, की अमुक वस्तू अमुक तारेवर, अमुक पत्त्यावर आहे. दिलं लिहून. कायमची आहे, असं ठासून लिहिलं. तिथेच माती खाल्ली.

गेल्या वर्षी केबल चोरीला गेल्यापासून आबा संध्याकाळी निघताना शेतातली सुटेल ती वस्तू पिशवीत घालून घरी आणतात. फ्यूज, बल्ब, पाण्याचा तांब्या (तोही), आणि अर्थात माझा सेन्सर. सकाळी सहाला वीज येते, मशीन सुरू होतं, कारभारी यादी घेऊन हाक मारतो आणि सेन्सर आमच्या फडताळात! आठला आबा जाऊन तो लावतात, तर कारभारी ढिम्म. एकदा हाक मारली, विषय संपला. ‘हाऊ यडा शे का?’ म्हणत आबांनी डब्यावर थापा मारल्या. चार दिवस केळीला पाणी नाही, आणि तुझ्या वाटच्या शिव्याही मीच खाल्ल्या.

मग सेन्सरचं वर्णन मूळ यादीतून काढून वेगळ्या चिठ्ठीत लिहिलं. सेन्सर लावला की हिरवं बटण दाबायचं, म्हणजे चालत्या मशीनमध्येच चिठ्ठी यादीला जोडली जाते. काढण्याआधी लाल दाबायचं, म्हणजे चिठ्ठी बाजूला. आबांनी पहिल्या दिवशी हिरवं सात वेळा दाबलं (खात्रीसाठी) आणि संध्याकाळी लाल न दाबताच सेन्सर उपटून नेला. स्क्रीनभर तक्रारी! माझ्या शेतातून निघताना मी याची परवानगी घेऊ का, असं त्यांचं म्हणणं. आता दाबतात, पण बटणाकडे न बघता.

काल मात्र बांधावर बसल्या बसल्या विचारलं, एखादी वस्तू गेली आणि फार दिवस आलीच नाही, तर तिची चिठ्ठी फाडतोस का? म्हटलं, नाही आबा, जपून ठेवतो. कधीही आली तरी चालते, काही थांबवावं लागत नाही. मग तुझ्याबद्दल म्हणाले, ‘पोर चांगलं काम शिकनी.’ ताई, तू घरी हवी आहेस गं मला.

तुझा,
किरण

ता. क. चिठ्ठीतली एक ओळ चुकतेय. ती इथे येऊनच बघावी लागेल. आखाजीला ये.

ता. क. २. ओळबीळ काही चुकत नाही, मशीन झकास चाललंय. आखाजीच्या आदल्या दिवशी मुराळी म्हणून तुला घ्यायला येतो. नाही म्हणू नकोस. आबांना बोललेलो नाही.

ता. क. ३. पत्र टेबलावर उघडं होतं, वाचलं. खाली जागा होती म्हणून लिहितो. मुराळी एकटा येणार नाही, सोबत मी येतो आहे. प्रशीलरावांना तिखट कितपत चालतं, ते कळवणे.
— आबा