एक वाजता गेट लागतं

इन्शा,

फोन केला नाही. तुझा आवाज ऐकून हे सांगायला जमलं नसतं.

काल माळा साफ केला, तेव्हा वर तांदळाच्या सारख्याच दोन थैल्या होत्या. एकीत सैफची जुनी वह्यापुस्तकं, दुसरीत तुझ्या अम्मीच्या कुरआन शरीफची झिजून सुटलेली पानं. रद्दी घंटागाडीत दिली आणि पानं मशिदीत दफनासाठी द्यायला ठेवली, असं मी समजत होतो. आत्ता न्यायला म्हणून थैली उघडली, तर वरच सैफचं गणिताचं पुस्तक.

गाडीवाला म्हणतो, माल कालच कचरा डेपोवर उतरवला. डेपो शनिवारी एकपर्यंतच उघडा असतो. उद्या रविवार, परवा आपल्याच ईदची सुट्टी, आणि मंगळवारी उघडल्या उघडल्या ढीग मशीनमध्ये जातो. म्हणजे जे काय शोधायचं ते आजच.

दुकान बंद करून निघालोय. सैफला क्लासवरून तू आण. दूध तापवायचं राहिलंय. अब्बांनी विचारलं तर खोटं सांगू नकोस, तुझा रोजा आहे. काहीच सांगू नकोस. इफ्तारला माझ्यासाठी थांबू नका, खजूर खिशात घेतलेत.

अम्मी गेल्यापासून तू हसली नव्हतीस. काल रिकामा माळा बघून हसलीस, म्हणालीस, "चला, एक काम तरी नीट केलंत." तेव्हापासून मी किती खूश होतो.

एक वाजता ते गेट लावतात. लावू देत. मी आत असेन.

तौफिक